लहान मुलांचा घरचा अभ्यास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरून कोणी विदुषी बोलावून त्यांचे व्याख्यान ठेवावे, अशी आपल्या मंडळाची पद्धत आहे. यंदा चिटणीसबाईंनी ठरवले की सभासदांपैकीच एकीने बोलावे आणि विषयही घरातलाच असावा. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आठवीची शाळा दुसऱ्या गावी होती आणि मुलीला इतक्या लांब पाठवायचे नाही असे घरात ठरले, म्हणून तिथेच थांबले. तेव्हा माझ्याकडून व्याख्यानाची अपेक्षा कोणी करू नये. पण गेली अठरावीस वर्षे रोज संध्याकाळी मी ज्या कामात आहे, त्याविषयी चार शब्द सांगता येतील. ते काम म्हणजे मुलांचा घरचा अभ्यास. थोरल्या दोघांचा झाला, धाकटीचा चालू आहे. ती तिसरीत आहे.

हल्ली आपण त्याला होमवर्क म्हणतो. नाव काही असो, पण रविवारी रात्री नऊ वाजता आपल्या गल्लीतून चक्कर मारली तर काय दिसते, ते आपणा सर्वजणींना ठाऊक आहे. पोर पेंगत असते आणि आई खाली मान घालून लिहीत असते. बाजारातून आणलेली चित्रे तक्त्यावर चिकटवायची, त्याखाली वळणदार अक्षरात नावे लिहायची, हे सारे आई करते. सोमवारी बाई शेरा देतात 'छान'. तो शेरा कोणाला मिळाला, हे बाईंनाही कळते आणि आईलाही कळते. पोराला तर सर्वांत आधी कळते.

दुसऱ्या बाजूला अशीही घरे आहेत, की जिथे वही आठवडाभर उघडलीच जात नाही. उघडायला घरात कोणी नसते. ह्या दुसऱ्या घरांविषयी मी पुढे बोलणार आहे, कारण खरे सांगायचे तर त्यांच्यासाठीच मी आज उभी राहिले.

प्रथम हे पाहू, की लहान मुलाला घरी अभ्यास द्यावा तरी किती? हा प्रश्न आजचा नाही. 1989 साली प्रसिद्ध लेखक आर. के. नारायण राज्यसभेत बोलायला उभे राहिले आणि त्यांनी मुलांच्या पाठीवरच्या दप्तराविषयी गाऱ्हाणे मांडले. पुढे सरकारने प्राध्यापक यशपाल ह्यांची समिती नेमली. तिचा अहवाल 1993 साली आला. ओझ्याविना शिक्षण, असे त्याचे नाव होते. त्यानंतर 2020 साली केंद्र सरकारने दप्तराविषयी धोरण काढले. त्यात घरच्या अभ्यासाचे मापही दिले आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना घरी अभ्यास देऊच नये. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवीला रोज एक तास. नववीपासून पुढे रोज दोन तास. अमेरिकेत तर पुष्कळ ठिकाणी इयत्तेमागे दहा मिनिटे असा साधा ठोकताळा आहे. पहिलीला दहा मिनिटे, दुसरीला वीस, ह्याप्रमाणे.

भगिनींनो, नीट ऐका. तिसरीच्या मुलाला आठवड्याला दोन तास, दिवसाला नव्हेत. आणि ते सगळे विषय मिळून. मराठीच्या बाईंनी दोन तासांचे दिले, गणिताच्या गुरुजींनी दोन तासांचे दिले, इंग्रजीचे वेगळे आले, असे नव्हे. पुष्कळ ठिकाणी नेमके हेच होते. एका विषयाला दुसऱ्या विषयाची खबर नसते. माझ्या नात्यातल्या एका मुलीला शहरातल्या एका खासगी शाळेत घातले आहे. ती दुसरीत आहे. तिला एका शनिवारी अकरा पाने लिहायला होती. मुलीची बोटे दुखली, आईने हात धरून लिहिले आणि दोघी रडल्या. धोरण कागदावर चांगले आहे. दप्तरात ते अजून उतरलेले नाही.

त्याच धोरणात एक गोष्ट मला फार आवडली. मुलांना वर्गात विचारावे, म्हणतात, की काल संध्याकाळी घरी काय केले, कोणता खेळ खेळलात, जेवायला काय होते, ते कोणी केले. हे वाचून दाखवले तेव्हा मला वाटले, ह्यात मोठी विद्वत्ता कसली? पण मग विचार केला. मूल सांगायला शिकले की लिहायला शिकते. आणि सांगण्यासारखे पुष्कळसे घरात असते.

आता दोन तास आठवड्यात कसे बसवावे ते सांगते. रविवार सोडला तर सहा दिवस राहतात. रोज वीस मिनिटे धरली तर साहा विसे एकशेवीस, म्हणजे बरोबर दोन तास. वीस मिनिटे म्हणजे आपल्या पाचसहा भाकरी होतात तेवढा वेळ. मी तसाच वेळ धरते. मी तव्यापाशी, मुलगी उंबऱ्याशी.

सोमवारी आणि गुरुवारी मराठी. त्यातल्या एका दिवशी मोठ्याने वाचन. धडा नको असेल तर मंडळाच्या कपाटातले गोष्टीचे पुस्तक चालेल, पण वाचताना आवाज मला चुलीपर्यंत आला पाहिजे. दुसऱ्या दिवशी लिहिणे. पाच ओळी, पण स्वतःच्या. निबंधाच्या पुस्तकातून उतरवलेल्या पंधरा ओळींपेक्षा मला त्या पाच बऱ्या वाटतात.

मंगळवारी आणि शुक्रवारी गणित. गणितासाठी वेगळे साहित्य लागत नाही. डेअरीवरून दुधाची चिठ्ठी येते. सकाळी सहा लिटर, संध्याकाळी पाच. दिवसाचे किती? अकरा. आठवड्याचे किती? सत्त्याहत्तर. लिटरमागचा भाव धरून पैसे किती, हा पुढचा प्रश्न चौथीच्या मुलासाठी ठेवावा. बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन मूल बरोबर न्यावे आणि सुटे पैसे त्याला मोजायला द्यावेत. भाजीवाल्या मावशी घाई करतात, पण पोर हिशोब करतेय असे दिसले की थांबतात.

बुधवारी परिसर अभ्यास. ह्या विषयाला तर घरातली म्हातारी माणसे म्हणजे चालते पुस्तक. गावात जुने आड किती होते, ओढ्याला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असे, हे त्यांना विचारावे. आपल्या जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले. आपण बोलताना अजून नगरच म्हणतो. हे नाव कोणाचे, त्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या कशा, हे मुलाने आजोबांना विचारून यावे. शनिवारी इंग्रजी. डब्यावर, साबणाच्या वेष्टनावर, एस. टी. च्या पाटीवर इंग्रजी अक्षरे असतात. त्यातले पाच शब्द शोधून वाचायचे. तेवढे पुरे.

एवढ्यात कोणी म्हणेल, बाई, हे सारे खरे, पण आम्हांला येत कुठे? आम्ही चौथी, आम्ही सातवी, आणि काहीजणी तर शाळेत गेल्याच नाहीत. हल्लीची पुस्तकेच वेगळी. ह्या बोलण्यात तथ्य आहे. 2019 साली दुसरीच्या गणितावरून केवढा गोंधळ झाला ते आठवा. 'बासष्ट'च्या जोडीला 'साठ दोन' असे वाचन पुस्तकात आले. वर्तमानपत्रांत टीका झाली, विधानसभेतही बोलणे झाले. कित्येक आयांना वाटले, की मराठी भाषाच बुडाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर ह्यांनी त्या वेळी कारण समजावून सांगितले. मलाही ते घरी पाहून पटले. आपण 'बासष्ट' म्हणतो तेव्हा मुलाच्या कानावर आधी दोनाचा आवाज पडतो, साठाचा मागून. म्हणून ते आधी 2 लिहिते, मग 6, आणि पाटीवर 26 होतात. 'साठ दोन' म्हटले की साठ आधी येतात आणि मूल चुकत नाही. जुने नाव काढून टाकले नव्हते, दोन्ही होती. बासष्ट म्हणजे साठ आणि दोन, एवढे कळले की पुढे बासष्ट म्हणायला काही हरकत नाही.

सांगायचे ते असे, की पुस्तक बदलले म्हणून आईने लाजून बाजूला होऊ नये. मुलालाच विचारावे, 'बाईंनी हे कसे शिकवले ते मला सांग.' मूल सांगू लागले की त्याचाच अभ्यास पक्का होतो. ते अडले की कुठे अडले तेही कळते आणि दुसऱ्या दिवशी बाईंना विचारता येते. ऐकायला सातवी लागत नाही आणि चौथीही लागत नाही. वेळ लागतो, आणि मोबाइल बाजूला ठेवावा लागतो.

घरी शिकण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. सावित्रीबाई फुले ह्यांना लग्नानंतर जोतीरावांनी घरी शिकवले. पुढे शिक्षिका होण्याचे शिक्षण त्यांनी आपल्या नगरला मिस फरार ह्यांच्याकडे घेतले. जोतीरावही नगरची मुलींची शाळा पाहून गेले होते आणि 1848 साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. घरातले शिक्षण आणि शाळेतले शिक्षण ही दोन एकमेकांना धरून चालली, म्हणून ते घडले. नगर जिल्ह्यातल्या बायांनी हे विसरू नये.

आता ज्या घरांविषयी बोलायचे म्हटले होते, तिकडे येते.

आपल्या पाथर्डी तालुक्यातून आणि शेजारच्या शेवगावातून दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. आपल्याच जिल्ह्याच्या उत्तरेला प्रवरानगरला 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यानंतर राज्यात कितीतरी झाले. त्यांच्या आसऱ्याने शाळा निघाल्या, कॉलेजे निघाली. ऊस तोडणाऱ्याचे पोर मात्र कोपीत नाहीतर आजीजवळ. सरकारने काही केले नाही असे मी म्हणत नाही. कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आली. आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलाला शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळते. ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येते. ह्या सोयी आपण आपल्या शेजारणींना सांगितल्या पाहिजेत, कारण निघण्याच्या घाईत कार्ड घ्यायचे राहून जाते.

पण जे मूल गावात आजीजवळ राहते, त्याच्या घरच्या अभ्यासाचे काय? अभ्यास येतो मोबाइलवर. 2020 साली करोनाने शाळा बंद झाल्या तेव्हापासून ही रीत पडली. त्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर रोजचा अभ्यास येई, पुढे 'स्वाध्याय' नावाने आठवड्याला प्रश्नही येऊ लागले. त्या दिवसांत त्याचा उपयोग झाला. शाळा उघडल्या, पण अभ्यास मोबाइलवर टाकण्याची सवय पुष्कळ ठिकाणी राहिली. आणि तो मोबाइल असतो बापाच्या खिशात, दीडदोनशे किलोमीटरवर, उसाच्या फडात. पोराला सोमवारी वर्गात गेल्यावर कळते की अभ्यास होता.

आमच्या गल्लीत असा एक मुलगा आहे. नाव सांगत नाही. चौथीत आहे. आजीला अक्षरओळख नाही. दिवाळीनंतर एकदा त्याला 'गावातील पाण्याची जुनी माहिती' लिहून आणायची होती. तो माझ्या धाकटीला म्हणाला, 'माझ्या घरी लिहिणारं कोणी नाही.' मी त्याला बोलावून म्हटले, 'आजीला लिहायला सांगितलंय कोणी? तू विचार, ती सांगेल, तू लिही.' आजी ओट्यावर बसल्या आणि 1972 च्या दुष्काळाचे सांगू लागल्या. तेव्हा त्या चौदापंधरा वर्षांच्या होत्या. खडी फोडायच्या कामावर जात, सुकडी मिळे, आडात उतरून वाटीवाटीने पाणी भरावे लागे. मुलाने सात ओळी लिहिल्या. अक्षर वाकडे होते, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नव्हता. बाईंनी त्या वर्गात वाचून दाखवल्या. गल्लीतल्या एकाही विकतच्या तक्त्यात एवढी माहिती नव्हती.

एवढ्याने त्याचे सगळे भागले असे नाही. आजी गोष्ट सांगू शकतात, पण भागाकार तपासू शकत नाहीत. तो मुलगा चौथीत आहे आणि दुसरीचा धडा अडखळत वाचतो. तो काही एकटा नव्हे. 'असर' नावाची पाहणी देशभरच्या खेड्यांत होते. 2024 सालच्या पाहणीत तिसरीतल्या शंभर मुलांपैकी सत्तावीसच्या आसपास मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. आता आपल्या राज्यात पाचवीला वार्षिक परीक्षा आली आहे. नापास झाले तर पुन्हा परीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात बसायचे. आपल्या भागात पोरगा एकदा मागे बसला की घरात काय बोलणे होते ते आपण ऐकले आहे. 'नाहीतरी याला येत नाही, चला घेऊन.' आणि बाराव्या-तेराव्या वर्षी त्याच्या हातात कोयता येतो. मुलगी असली तर लग्नाचे बोलणे निघते. भगिनींनो, वीस मिनिटांच्या अभ्यासाचा प्रश्न मी एवढा ताणून का धरते, ते ह्यावरून ध्यानात यावे.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपली खोली संध्याकाळी रिकामी असते. सतरंजी आहे, दिवा आहे, फळा मागच्या वर्षी घेतलेला आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी सहा ते सात, अशी तिसरी ते पाचवीच्या मुलांची अभ्यासाची बैठक ठेवावी. दोन दिवस मिळून दोन तास. म्हणजे आठवड्याचा सगळा अभ्यास तिथेच होऊन जाईल आणि कोणाच्या डोक्यावर जादा ओझे होणार नाही. फी घ्यायची नाही. दर वेळी दोघीजणींनी बसायचे, पाळी लावून. चोवीस जणींनी नावे दिली तर एकीची पाळी सहा आठवड्यांनी एकदा येते. एवढे कोणाला जड नाही.

बसणाऱ्या बाईने शिकवायचे नाही. शिकवणे शाळेच्या बाईंचे. तिने मुलाला वाचायला लावायचे, ऐकायचे आणि अडले तर त्या ठिकाणी पेन्सिलीने खूण करायची, म्हणजे बाईंना ते दिसेल. पेन्सिल खूण करण्यापुरतीच हातात घ्यायची. उत्तर लिहायला हात कितीही शिवशिवला तरी लिहायचे नाही. ज्यांना लिहितावाचता येत नाही अशा आजीबाईंनीही जरूर यावे. ऐकण्याच्या आणि सांगण्याच्या कामाला त्यांच्याइतक्या तयारीच्या दुसऱ्या कोणी नाहीत.

शाळेच्या बाई इथे बसल्या आहेत. त्यांना हात जोडून विनंती, की आठवड्याचा सगळ्या विषयांचा अभ्यास एका कागदावर लिहून सोमवारी द्यावा. एक कागद आपल्या खोलीच्या दारावर लावू. मोबाइल असो नसो, अभ्यास दिसेल. शाळेचे माता पालक गट झाले आहेत, त्यांची बैठकही इथेच घेता येईल.

कोणी म्हणेल, आपल्या पोरांचे आपण पाहू, शेजारच्यांची उठाठेव कशाला? त्यांना मी एवढेच विचारते, आपण भिशी चालवतो ती काय एकटीने? हळदीकुंकू एकटीने होते का? आणि दुसरे, आपली मुले ज्या वर्गात बसतात त्या वर्गातली निम्मी मुले मागे राहिली तर बाईंना सगळा वर्ग थांबवावा लागतो. म्हणजे शेजारच्या पोराचा अभ्यास झाला तर आपल्या पोराचाही होतो.

बापमंडळींना ह्यातून सूट नाही, हेही सांगून ठेवते. मुलाचे दप्तर उघडायला आणि 'आज काय शिकलास?' विचारायला पुरुषांना कोणी मना केलेले नाही. निदान त्या वीस मिनिटांत टी. व्ही. बंद ठेवण्याचे काम तरी त्यांनी करावे.

फार बोलले. दाराशी वही ठेवली आहे. ज्यांना पाळी घ्यायची असेल त्यांनी चहा घेण्यापूर्वी नाव आणि सोयीचा वार लिहून जावे. लिहिता येत नसेल त्यांनी मला सांगावे, त्यांच्या नातवाकडून लिहून घेऊ. बैठक येत्या मंगळवारी सहा वाजता सुरू होईल.